जिवंत रोपाच्या आत पाहताना



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यांचे कितीतरी विद्यार्थी आज या सभागृहात बसले आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातली पहिली पेशी पाहिली ती अशाच एखाद्या शिक्षकांमुळे. कांद्याचा पापुद्रा, काचपट्टी आणि आयोडीनचा एक थेंब. एकीला एक लागून असलेल्या पेशी आणि प्रत्येकीत एक तपकिरी ठिपका, म्हणजे केंद्रक. ते दृश्य कुणी विसरत नाही. पण त्या प्रयोगातली एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. आयोडीन पडतं, केंद्रक ठळक दिसतं आणि पेशी मरते. आपण न्याहाळत असतो तो तिचा मृतदेह.

हे शाळेतल्या प्रयोगापुरतं खरं नाही. वनस्पतीच्या पेशीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं मेलेल्या पेशींनी शिकवलेलं आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं विसाव्या शतकात पेशीच्या आतलं जग अतिशय बारकाईनं दाखवलं. पण त्यासाठी पानाचा तुकडा आधी रसायनात बुडवून जागच्या जागी स्थिर करायचा, त्यातलं पाणी काढायचं, राळेत बसवायचा आणि त्याचे अतिपातळ काप घ्यायचे. एवढं झाल्यावर जे हाती येतं ते एका क्षणाचं चित्र असतं. त्या आधी काय घडलं, नंतर काय घडणार होतं, हे चित्र सांगू शकत नाही.

पेशीच्या आत हालचाल असते हे मात्र फार पूर्वीपासून माहीत होतं. १७७४ साली बोनाव्हेंतुरा कोर्ती या इटालियन अभ्यासकानं कारा नावाच्या पाणवनस्पतीच्या पेशीत द्रव वाहताना पाहिला होता. पण त्या प्रवाहात नेमकं कोण वाहतं आहे, कुठून निघालं आणि कुठे उतरणार, हे कसं कळावं? प्रथिनं डोळ्यांना दिसत नाहीत. एका पेशीत ती हजारो प्रकारची असतात आणि बहुतेक सगळी रंगहीन.

आज मला आपल्यापुढे एकच मुद्दा मांडायचा आहे. रोपाला न मारता, न कापता, न रंगवता त्याच्या आत पाहण्याची सोय झाली, तेव्हा फक्त चित्रं सुंदर झाली नाहीत, वनस्पतीला विचारायचे प्रश्नच बदलले. ‘तिथे काय आहे?’ एवढंच विचारणारे आपण ‘तिथे काय चाललं आहे?’ असं विचारू लागलो. ही सोय करून दिली ती समुद्रातल्या एका जेलीफिशमधल्या प्रथिनानं.

जेलीफिशची देणगी

ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ. १९४५ च्या ऑगस्टमध्ये ते सोळा वर्षांचे होते आणि नागासाकीजवळच्या इसाहाया इथे होते. अणुबाँबचा तो लख्ख उजेड त्यांनी प्रत्यक्ष पाहिला आणि काही क्षण त्यांना दिसेनासं झालं. युद्धानं उद्ध्वस्त केलेल्या देशात त्यांनी शिक्षण पुरं केलं, आणि १९६० साली प्रिन्स्टनला फ्रँक जॉन्सन यांच्याकडे ते काम करायला गेले. काम होतं इक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशच्या प्रकाशाचं कोडं सोडवणं.

१९६१ च्या उन्हाळ्यात हे लोक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रायडे हार्बर इथे गेले. जेलीफिश जाळीनं पकडायचे, त्यांच्या छत्रीच्या कडेची प्रकाश देणारी पट्टी कात्रीनं कापून वेगळी करायची, पट्ट्या कापडातून पिळायच्या. पण पिळलेला रस लगेच उजळून विझून जाई आणि हाताशी काही उरत नसे. शिमोमुरांना सुचलं की रस आम्लधर्मी केला तर उजेड थांबेल. थांबलाही. तो नमुना त्यांनी मोरीत ओतला, आणि मोरी निळ्या उजेडानं भरून गेली. मोरीत मत्स्यटाकीतलं समुद्राचं पाणी येत होतं. त्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे प्रकाश पडतो, हे त्यातून उमगलं. सुमारे दहा हजार जेलीफिशमधून त्यांना जे प्रथिन मिळालं ते अवघं काही मिलिग्रॅम होतं. त्याचं नाव इक्वोरिन.

इक्वोरिन शुद्ध करताना आणखी एक प्रथिन हाती लागलं. त्याचं द्रावण उन्हात किंचित हिरवट दिसे आणि अतिनील प्रकाशाखाली झगझगीत हिरवं होई. १९६२ च्या शोधनिबंधात त्याचा केवळ ओझरता उल्लेख आहे. त्यालाच आज ग्रीन फ्लुरोसंट प्रोटीन, म्हणजे जीएफपी म्हणतात. जेलीफिशमध्ये इक्वोरिनची निळी ऊर्जा हे प्रथिन घेतं आणि ती हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतं.

या प्रथिनाचं वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. २३८ अमिनो आम्लांची ही साखळी घडी पडून एका पोकळ नळीचा आकार घेते. नळीच्या भिंतीत अकरा पट्ट्या असतात आणि मधोमध प्रकाश देणारा गाभा असतो. हा गाभा बाहेरून आणावा लागत नाही. साखळीतलीच ६५, ६६ आणि ६७ क्रमांकांची तीन अमिनो आम्लं, म्हणजे सेरीन, टायरोसीन आणि ग्लायसीन, आपसांत जुळून तो तयार करतात. बाहेरून हवा असतो तो फक्त ऑक्सिजन. म्हणजे या प्रथिनाचं जनुक कुठल्याही सजीवात घातलं तरी ते स्वतःच्या बळावर उजळू शकतं.

हे १९६२ मध्ये कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यासाठी आधी जनुक हातात यावं लागलं. ते काम वूड्स होल इथे डग्लस प्रॅशर यांनी केलं आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढच्या संशोधनासाठी त्यांना अनुदान मिळालं नाही. त्यांनी ते जनुक मागेल त्याला दिलं. मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन हे मागणाऱ्यांपैकी दोघे. चॅल्फींनी १९९४ मध्ये जिवाणूत आणि सूत्रकृमीत ते उजळवून दाखवलं. त्सिएन यांनी त्यातलं एकेक अमिनो आम्ल बदलून ते अधिक तेजस्वी केलं, त्याच्यापासून निळे, पिवळे प्रकार घडवले. लाल रंग १९९९ मध्ये प्रवाळवर्गीय जीवांतून मिळाला, आणि त्यातून पुढे एमचेरीसारखी प्रथिनं तयार झाली. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळालं. त्या वेळी प्रॅशर अलाबामात एका मोटारविक्री केंद्राची गाडी चालवून पोट भरत होते. नोबेल मिळवणाऱ्यांनी त्यांचं ऋण जाहीरपणे मान्य केलं. ही हकिकत मी मुद्दाम सांगतो आहे, आणि तिचा संबंध मी शेवटी जोडणार आहे.

या प्रथिनाचा उपयोग कसा करतात? आपल्याला ज्या प्रथिनाचा माग काढायचा आहे, त्याच्या जनुकाला जीएफपीचं जनुक जोडायचं. मग पेशी दोन्ही प्रथिनं एकाच साखळीत, एकमेकांना जोडलेली अशी तयार करते. गुराखी गाईच्या गळ्यात घंटा बांधतो, ती झाडीत दिसेनाशी झाली तरी कुठे चरते आहे हे त्याला आवाजावरून कळतं. जीएफपी हे काम उजेडानं करतं. निळा लेसर टाकला की हिरवा उजेड जिथून येईल, तिथे ते प्रथिन आहे.

वनस्पतीनं जनुक कसं वाचलं

प्राण्यांत आणि जिवाणूंत हे जमलं म्हणून वनस्पतींत लगेच जमलं, असं झालं नाही. आमच्या क्षेत्रातल्या कामाचा सगळा स्वभाव ज्यात दिसतो असा हा प्रसंग आहे, म्हणून त्यापाशी थोडं थांबतो.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला जिम हेझलॉफ अरॅबिडॉप्सिस या रोपावर काम करत होते. मोहरीच्या कुळातलं हे वीतभर उंचीचं रानरोप जगभरातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांचा नेहमीचा सोबती आहे, कारण ते सुमारे दीड-दोन महिन्यांत बियाण्यापासून बियाण्यापर्यंत पोचतं आणि त्याचा जनुकसंच लहान आहे. हेझलॉफ यांच्या गटानं जेलीफिशचं जनुक या रोपात घातलं. जनुक जागेवर बसलं, त्याची प्रतही निघत होती, पण रोप उजळेना.

कारण शोधताना लक्षात आलं की प्रतीतला ८४ अक्षरांचा एक तुकडा गायब आहे. वनस्पतीच्या जनुकांत मध्ये मध्ये असे भाग असतात की जे प्रथिन बनवण्याआधी कापून टाकायचे असतात. कुठून कुठपर्यंत कापायचं याच्या खुणा असतात, आणि वनस्पतीत त्यातली एक मोठी खूण म्हणजे तिथे ए आणि यू या अक्षरांची दाटी असणं. जेलीफिशच्या जनुकात योगायोगानं असाच एक पट्टा होता. अरॅबिडॉप्सिसच्या पेशीनं तो टाकाऊ समजून कापून टाकला, आणि मधला तुकडा गेलेलं प्रथिन निकामी झालं.

उपाय या निदानातूनच निघाला. एकाच अमिनो आम्लासाठी तीन-तीन अक्षरांचे अनेक पर्याय असतात. हेझलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पट्ट्यातली अक्षरं अशी बदलली की प्रथिन तेच राहील, पण वनस्पतीला कापण्याची खूण दिसणार नाही. रोप उजळलं. शिवाय मोकळं सुटलेलं जीएफपी पेशीभर पसरतं आणि केंद्रकातही साचतं, हे पाहून त्यांनी ते आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, पोचेल असा पत्ता त्याला जोडला. त्यामुळे तेजस्वी आणि निकोप रोपं मिळाली. हे काम १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांनी मूळ जनुक वेगळं केलं ते प्रॅशर या निबंधाचे सहलेखक होते.

परक्या जनुकाला वनस्पती आपल्या नियमांनीच वाचते. तिच्याकडून उत्तर हवं असेल तर आधी तिचे नियम शिकावे लागतात. पुढच्या सगळ्या कामाला ही जाणीव पायाभूत ठरली.

जे दिसू लागलं

आता प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगतो. अरॅबिडॉप्सिसचं बी अगारच्या ताटलीत पेरून ताटली उभी ठेवतात. चार-पाच दिवसांत शिवणाच्या दोऱ्याहूनही बारीक मूळ सरळ खाली उतरतं. ते रोपटं चिमट्यानं अलगद उचलून काचपट्टीवरच्या पाण्यात ठेवायचं, वर आच्छादक काच ठेवायची. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लेसरचा बिंदू त्यावर फिरवतो आणि नेमक्या एकाच खोलीवरून येणारा उजेड टिपतो, वरखालचा उजेड गाळून टाकतो. म्हणजे सुरी न लावता मुळाचा आडवा-उभा छेद पडद्यावर येतो. बाहेरची त्वचा, तिच्या आतले थर, मधला वाहिन्यांचा गाभा, टोकावरची टोपी, सगळं ओळीनं. आणि हे मूळ वाढत असतं. थोडा वेळ गेला की टोक चौकटीबाहेर सरकलेलं असतं आणि पुन्हा शोधावं लागतं.

गॉल्गी संकुलाला खूण लावलेलं पान पाहिलं तर पडद्यावर असंख्य हिरवे ठिपके येतात. पेशीत तयार झालेल्या मालाची बांधाबांध करणारा हा भाग पाठ्यपुस्तकातल्या चित्रात केंद्रकाजवळ एका जागी ठाण मांडून असतो. वनस्पतीत तो शेकडो स्वतंत्र चकत्यांचा असतो, आणि या चकत्या धावतात. एक ठिपका वेगानं निघतो, मध्येच थबकतो, जागीच थरथरतो, पुन्हा वेग घेतो. ऑक्सफर्डमध्ये क्रिस हॉज यांच्या गटानं १९९८ मध्ये तंबाखूच्या कुळातल्या रोपात हे दाखवलं, आणि या चकत्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंवरून, आंतर्द्रव्यजालिकेच्या जाळ्याला धरून प्रवास करतात हेही दाखवलं. वनस्पतीची पेशी भिंतीत बंदिस्त आहे, ती जागची हलू शकत नाही. पण तिच्या आतला कारखाना सतत फिरता असतो. स्थिर चित्रातून हे कधीच कळलं नसतं.

दुसरं उदाहरण सेल्युलोजचं. विदर्भातल्या कापसाचा एक तंतू म्हणजे एकच लांबलेली पेशी, आणि तयार तंतूचा जवळजवळ सगळा भाग सेल्युलोज. लाकूड, कागद, गवत, सगळीकडे तेच. सेल्युलोजचे धागे पेशीभित्तिकेत कोणत्या दिशेनं विणले जातात यावर पेशी लांब होणार की फुगीर, हे ठरतं. १९६३ मध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली भित्तिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्मनलिका दिसल्या होत्या, आणि त्यांची दिशा बाहेरच्या धाग्यांशी जुळत होती. म्हणजे नलिका विणकामाला दिशा देतात का? चार दशकं हा प्रश्न वादात राहिला, कारण विणणारं यंत्र काम करताना कुणी पाहिलंच नव्हतं.

२००६ मध्ये कॅलिफोर्नियात पारेडेझ, सॉमरव्हिल आणि एअरहार्ट यांनी ते पाहिलं. सेल्युलोज तयार करणाऱ्या प्रथिनाला पिवळी खूण, सूक्ष्मनलिकांना निळसर खूण. पडद्यावर पिवळे कण पेशीच्या आवरणात सरळ रेषांत सरकत होते, आणि त्या रेषा नलिकांवर बेतलेल्या होत्या. औषध देऊन नलिकांची मांडणी बदलली की कणांच्या वाटाही बदलत. कणांचा वेग मिनिटाला सरासरी सुमारे ३३० नॅनोमीटर होता. म्हणजे तासाभरात केसाच्या जाडीइतकंही अंतर ते कापत नाहीत. कापूस, बांबू, ऊस, सगळ्यांच्या काठिण्यामागे हे इतकं संथ आणि अखंड विणकाम आहे. चाळीस वर्षांचा प्रश्न नव्या युक्तिवादानं सुटला नाही, काम चालू असताना पाहिल्यामुळे सुटला.

तिसरं उदाहरण फुलण्याचं. दिवस मोठा झाला की लहान झाला हे रोपाला पानांतून कळतं, पण फूल येतं ते शेंड्याला. मग पानाकडून शेंड्याला निरोप जातो तरी कसा? १९३० च्या दशकात मिखाईल चैलाख्यान या शास्त्रज्ञानं असा निरोप नेणारा पदार्थ असलाच पाहिजे असं मांडलं आणि त्याला फ्लोरिजेन असं नाव दिलं. तो पदार्थ सत्तर वर्षं कुणाच्या हाती लागला नाही. २००७ मध्ये जर्मनीत जॉर्ज कूपलंड यांच्या गटानं एफटी या प्रथिनाला जीएफपी जोडून ते अरॅबिडॉप्सिसच्या रसवाहिन्यांतून शेंड्याकडे गेल्याचं दाखवलं. त्याच वर्षी जपानमध्ये को शिमामोतो यांच्या गटानं भातातल्या एचडी३ए या त्याच्या समकक्ष प्रथिनाबद्दल तेच दाखवलं. भात केव्हा निसवणार हे ठरवणारा निरोप म्हणजे एक लहानसं प्रथिन, आणि ते वाटेत असताना पाहिलं गेलं. आपल्या कोकणातल्या हळव्या आणि गरव्या भाताच्या जातींत निसवण्याच्या वेळेचा जो फरक असतो, त्याचा विचार करताना या ज्ञानाचा आधार आता घ्यावाच लागतो.

चौथं उदाहरण जखमेचं आहे, आणि इथे जेलीफिशची दुसरी देणगीही कामी आली. इक्वोरिन कॅल्शियम ओळखतं हे आपण पाहिलं. १९९१ मध्ये एडिंबरामध्ये मार्क नाइट, अँथनी ट्रेवावस आणि सहकाऱ्यांनी इक्वोरिनचं जनुक तंबाखूत घातलं. स्पर्श केला, थंडी दिली की रोपातून प्रकाश येई, म्हणजे पेशीतलं कॅल्शियम क्षणात वाढे. पुढे २००१ मध्ये जपानमध्ये जीकॅम्प नावाचं संवेदक प्रथिन तयार झालं. जीएफपी कापून त्याची टोकं बदलायची आणि त्याला कॅल्शियम पकडणारा भाग जोडायचा. कॅल्शियम आलं की ते तेजाळतं, गेलं की मंदावतं.

असं जीकॅम्प असलेल्या अरॅबिडॉप्सिसवर मासात्सुगु तोयोता आणि सायमन गिलरॉय यांनी अळी सोडली. या प्रयोगाची चित्रफीत मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. काळ्या पार्श्वभूमीवर मंद हिरवी पानं. अळी एका पानाचा देठ कुरतडते. त्या जागी उजेड चमकतो, देठातून मधल्या खोडाकडे जातो आणि तिथून दुसऱ्या पानांच्या शिरांत शिरतो. वेग सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर. एक-दोन मिनिटांत दूरचं, न दुखावलेलं पान उजळतं आणि तिथे संरक्षणाची रसायनं तयार होऊ लागतात. जखमेतून बाहेर पडणारं ग्लुटामेट हा या लाटेचा आरंभ. आपल्या मेंदूतही निरोप देण्याचं काम करणारा हाच रेणू. ग्लुटामेट ओळखणारी दोन जनुकं बिघडवली की लाट फार पुढे जात नाही. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२२ मध्ये तोयोतांच्या गटानं लाजाळूत जीकॅम्प घालून पानं मिटण्याआधीची कॅल्शियमची लाट दाखवली, आणि न मिटणारी लाजाळू किड्यांकडून जास्त खाल्ली जाते हेही दाखवलं. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी याच लाजाळूतले विजेचे संकेत स्वतः घडवलेल्या उपकरणांनी मोजले होते. वनस्पती आघाताला तत्काळ प्रतिसाद देते, आणि तो अंगभर पोचवते, या त्यांच्या आग्रहामागे किती भक्कम निरीक्षण होतं, हे आज डोळ्यांनी पाहता येतं.

उजेडावर किती विसंबायचं

एवढं सांगितल्यावर सावधगिरीचं सांगणं माझं कर्तव्य आहे. दिसलं म्हणजे सिद्ध झालं, असं या कामात धरून चालत नाही.

पहिली गोष्ट, वनस्पती स्वतःही उजळते. हरितद्रव्यावर निळा प्रकाश टाकला की ते गडद लाल प्रकाश परत देतं. पेशीभित्तिकेतलं लिग्निन निळा-हिरवा देतं. म्हणून खूण न लावलेलं रोप त्याच लेसरखाली, त्याच मापांवर आधी पाहावं लागतं. ते न पाहता काढलेल्या हिरव्या चित्राला किंमत नाही.

दुसरी गोष्ट, जोडलेल्या खुणेमुळे मूळ प्रथिनाचं काम बिघडू शकतं. जीएफपी स्वतः सुमारे २७ किलोडाल्टनचं आहे, पुष्कळ प्रथिनांइतकंच मोठं. ते चुकीच्या टोकाला जोडलं तर प्रथिनाचा पत्ता लिहिलेला भागच झाकला जातो आणि ते भलतीकडे पोचतं. याची परीक्षा कडक आहे. ते प्रथिन ज्या रोपात नाही असं, म्हणजे खुरटलेलं किंवा आजारी रोप घ्यायचं आणि त्यात खूण लावलेलं प्रथिन घालायचं. रोप सुधारलं तरच खूण लावलेलं प्रथिन खरं काम करतं आहे असं मानायचं. या परीक्षेला महिने लागतात, आणि ती टाळण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो.

तिसरी गोष्ट, उजेड नाही म्हणजे प्रथिन नाही, असंही नाही. जीएफपी आम्लात मंदावतं, आणि वनस्पतीच्या पेशीचा बहुतांश भाग व्यापणारी रिक्तिका आम्लधर्मी असते. तिथे पोचलेलं प्रथिन अदृश्य होऊ शकतं. अशा ठिकाणी लाल प्रथिनं वापरावी लागतात.

आणि चौथी गोष्ट खास वनस्पतींची. प्राण्याच्या पेशीला आपण प्रकाश दाखवतो तेव्हा तो सहसा फक्त प्रकाश असतो. वनस्पतीला मात्र प्रकाश हे अन्न आहे आणि संदेशही. निळा प्रकाश पडला की पर्णरंध्रं उघडतात, हरितलवकं जागा बदलतात, खोड वळतं. आणि जीएफपी पाहायला आपण टाकतो तो लेसर निळाच. म्हणजे पाहणाऱ्याच्या दिव्यानंच रोपाला काहीतरी सांगितलेलं असतं. कमीत कमी उजेडात, कमीत कमी वेळ पाहणं हा इथे शिष्टाचाराचा भाग नाही, पद्धतीचा आहे. जिवंत रोप पाहायचं तर त्याला आपल्या पाहण्याचा त्रास किती होतो, हेही मोजलं पाहिजे.

पुढचं काम

आता आपल्याकडे वळतो. या सगळ्या उदाहरणांत बहुतेक वेळा रोप होतं अरॅबिडॉप्सिस, कधी तंबाखू, कधी भात. पण १९९६ मध्ये स्टॅनफर्डला शॅरन लाँग यांच्या गटानं आपल्या शेतकऱ्यांना चाऱ्यासाठी परिचित असलेल्या लसूणघासावर एक प्रयोग केला. मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंना त्यांनी जीएफपी दिलं. मूलरोमाचं टोक वळतं, त्या वळणात जिवाणू अडकतो, मग मूलरोमाच्या आत एक बारीक नळी तयार होते आणि जिवाणूंची हिरवी रांग तिच्यातून खोल आत सरकते. हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणाऱ्या या भागीदारीची पहिली पावलं त्यामुळे जिवंत मुळात पाहता आली.

हेच तुरीत, हरभऱ्यात कसं घडतं? मराठवाड्यातल्या कोरड्या जमिनीत पाणी कमी पडू लागतं त्या तासाला ज्वारीच्या मुळाच्या टोकाशी काय होतं? ऊन वाढलं की परागकणाच्या आत सगळ्यात आधी काय कोलमडतं? अरॅबिडॉप्सिसमध्ये ज्या बारकाईनं पाहिलं गेलं, त्या बारकाईनं आपली कोरडवाहू पिकं पाहिली गेलेली नाहीत. आणि ज्यांच्या ताटात ही पिकं आहेत, त्यांच्याखेरीज कुणाला त्यांची निकड वाटणार?

यासाठी दोन गोष्टी लागतील. पहिली, आपल्या विद्यापीठांतले आणि कृषी विद्यापीठांतले चांगले सूक्ष्मदर्शक तालुक्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचले पाहिजेत. वेळापत्रक आखून, प्रशिक्षण देऊन हे करता येतं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी जिवंत मुळाच्या आत पाहिलेलं असावं, अशी माझी मागणी आहे. ते पाहिल्यावर वनस्पती निर्जीव वस्तूसारखी निमूट पडून असते, हा समज मनात टिकत नाही.

दुसरी गोष्ट प्रॅशर यांच्या हकिकतीतून येते. शिमोमुरा जेलीफिश पिळत होते तेव्हा त्यातून कापसाच्या भिंतीचं किंवा भाताच्या फुलोऱ्याचं कोडं सुटेल, असं कुणीही सांगू शकलं नसतं. प्रॅशर जनुक वेगळं करत होते तेव्हाही नाही. पुढचा उपयोग आधी सिद्ध करा, मगच पैसे देऊ, अशी अट लावणाऱ्या व्यवस्थेत हे जनुक हाती येताच त्याच्या शोधकावर प्रयोगशाळा सोडण्याची वेळ आली. त्यांनी जनुक वाटून दिलं म्हणून काम थांबलं नाही, पण व्यवस्थेनं ते थांबवण्याची पूर्ण सोय केली होती. आपल्या देशात मूलभूत संशोधनाबद्दल निर्णय घेणाऱ्यांनी, आणि मतदार म्हणून त्यांना जाब विचारणाऱ्या आपण सर्वांनी, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. जिज्ञासेपोटी चाललेल्या, आज निरुपयोगी वाटणाऱ्या कामाला स्थिर आधार देणं ही चैन नाही. पुढच्या पिढीला कोणते प्रश्न विचारता येतील, हे त्यावर ठरतं.

समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगतो. या क्षेत्रातली उपकरणं महाग आहेत, पण प्रश्न महाग नाहीत. ते तुमच्या शेताच्या बांधावर उभे आहेत. पीक ओळखीचं घ्या, प्रश्न नेमका घ्या, आणि जे दिसेल त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्यापैकी कुणीतरी तुरीच्या मुळात असं काही पाहावं, जे आजवर जगात कुणी पाहिलेलं नाही, ही माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि ते शक्य आहे याबद्दल मला शंका नाही.